लॉकी बीटनचं रक्त आणि फ्लोराची लाकडं

लॉकी बीटनने दारू सोडली त्याला येत्या मार्चमध्ये एकोणीस वर्षं पुरी होणार होती. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या त्या किनाऱ्यावर ही तारीख सगळ्यांनाच पाठ होती, कारण तिच्या आदल्या रात्री त्याने आपला ट्रक चर्चच्या कुंपणात घातला होता. कुंपण त्याने स्वतःच्या हातांनी नवं बांधून दिलं. पुढे पाचेक वर्षांनी त्याला शाळेची बस मिळाली, आणि तेव्हापासून ती बस बर्फाशिवाय दुसऱ्या कशानेही थांबली नाही.

बसच्या कामासाठी दरवर्षी डॉक्टरची सही लागे. जुना दारुडा म्हणून लॉकीच्या यकृताची रक्ततपासणीही होई. ती नेहमी जूनमध्ये व्हायची. यंदा सहा महिने दवाखान्याला डॉक्टरच मिळाला नव्हता, म्हणून ती ऑक्टोबरवर गेली. अखेर आलेली डॉक्टर म्हणजे इवोन पेटिपा. शाळेत असताना ती याच बसमध्ये डावीकडच्या दुसऱ्या बाकावर बसायची.

तिने कागद त्याच्यासमोर ठेवला. एसजीओटी एकशे नव्वद, एसजीपीटी शहाण्णव. दोन्ही चाळिसाच्या आत हवेत. यकृताला इजा झाली की ही एन्झाइम्स रक्तात उतरतात, आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या दुप्पट असला की डॉक्टरच्या मनात आधी दारूच येते, हे तिने जमेल तेवढ्या हळुवारपणे सांगितलं. कागदाच्या तळाशी तिनेच लिहिलं होतं : 'मद्यपान पुन्हा सुरू?'

या आकड्यांवर सही देता येणार नाही, म्हणजे बस बंद, असं सांगून तिने वाटही सुचवली. पुन्हा प्यायलो असं लिहून द्यायचं, सहा आठवडे समुपदेशनाला जायचं, की बस परत मिळेल. यात लाजण्यासारखं काही नाही, असंही ती म्हणाली.

"इवोन, मी प्यायलो असतो तर तुला कागद बघावा लागला नसता. मीच येऊन सांगितलं असतं," लॉकी म्हणाला. "न केलेल्या गोष्टीवर मी सही करणार नाही. पुढच्या सोमवारी परत रक्त घे. त्याच्या पुढच्याही घे."

त्याने बसच्या किल्ल्या शाळेत नेऊन दिल्या आणि घरी चालत आला. बायको एफीने ऐकून घेतलं आणि जेवण वाढलं. संध्याकाळी मात्र गोठ्याच्या मागच्या चिखलात, जिथे तो पूर्वी बाटल्या लपवायचा, तिथे त्याला तिच्या बुटांचे ठसे दिसले.

"सापडली का?" त्याने घरात येऊन विचारलं.

"नाही."

"मग चहा टाक."

बस नसल्यामुळे आता त्याच्याकडे दिवसच्या दिवस मोकळे होते. ऑक्टोबरात गावातले पुरुष जमून विधवांच्या घरची हिवाळ्याची लाकडं फोडून देत. या खेपेला फ्लोरा गिलिसची पाळी होती. इतर वर्षी लॉकी एक शनिवार येई आणि दुपारी पाठ धरली म्हणून निघून जाई. यंदा पहिल्या तपासणीआधीच्या शनिवार-रविवारीही तो तिथेच होता. आता तो रोज जाऊ लागला. बाकीचे त्याला पाहून आवाज खाली आणत, आणि तो त्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरात मेपलच्या ओंडक्यावर कुऱ्हाड घाली.

दुसऱ्या सोमवारचे आकडे आले दोनशे साठ आणि एकशे तीस.

आता एफीसुद्धा त्याच्याकडे पाहीनाशी झाली. पाद्री भेटायला येऊन गेले. लॉकीने त्यांना बॅनॉकची जाड भाकरी खाऊ घातली, कुंपण अजून नीट उभं आहे ना विचारलं, आणि बाकी कशावरही बोलायला नकार दिला.

तिसऱ्या सोमवारी इवोनने शीर शोधायला त्याचा हात उलटा केला. तळव्यावर फोड फुटून लाल झाले होते. दंड नुसता दाबला तरी तो कळवळला.

"हे कशाने झालं?"

"फ्लोराची लाकडं. आज सोळावा दिवस."

तिने त्याचा फॉर्म पुन्हा काढला. "मी विचारलं होतं, जड व्यायाम करता का. तुम्ही 'नाही' लिहिलंत."

"मग? व्यायाम हॅलिफॅक्स शहरातले लोक करतात, छोटी चड्डी घालून. मी लाकडं फोडतो."

इवोनने जुने आकडे पुन्हा वाचले. ही एन्झाइम्स यकृतात असतात तशीच स्नायूंतही असतात. बसून बसून नरम पडलेल्या एकसष्ट वर्षांच्या अंगाने अचानक रोज कुऱ्हाड चालवली तर ती रक्तात येणारच. तिने त्या दिवशी घेतलेल्या रक्तावरच आणखी दोन तपासण्या मागवल्या. स्नायूंच्या इजेचा आकडा नेहमीच्या चाळीस पट आला. दारूने चढणारं दुसरं एन्झाइम मात्र अगदी जागेवर होतं.

तिने त्याला फोनवर सांगितलं की तीन आठवडे कुऱ्हाडीला हात लावू नका, मग शेवटचं रक्त घेऊ आणि मी सही करते.

"फ्लोराची निम्मी लाकडं राहिली आहेत."

"लॉकी, इथे तुमची नोकरी अडली आहे."

"अडू दे. तिचा स्टोव्ह माझ्या नोकरीवर पेटत नाही."

आणखी नऊ दिवस लागले. त्याने शेवटचं फोडलेलं लाकूड रचलं, कुऱ्हाड फ्लोराच्याच भिंतीला टेकवली आणि तीन आठवडे घरात नुसता बसून एफीचं डोकं खाल्लं. मग आकडे आले. एकतीस आणि अठ्ठावीस.

इवोनने माफी मागितली. जुन्या कागदाच्या खाली खुलासा लिहिते, असं म्हणाली.

"खाली कोण वाचतं? वर लिही. आणि ती तळची ओळ माझ्यासमोर खोड."

तिने ओळ खोडली, शेजारी सही केली, आणि कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं की हा माणूस दारू प्यायलेला नाही. लॉकीने ते दोनदा वाचलं. एक प्रत एफीसाठी मागून घेतली.

तो दारापर्यंत गेला तेव्हा तिने बजावलं की पुढच्या ऑक्टोबरात तपासणीच्या आधी तीन आठवडे तरी लाकडं बंद ठेवा.

"तपासणीची तारीख तू बदल," लॉकी म्हणाला. "लाकडांची तारीख थंडी ठरवते."

तपासणी पुन्हा जूनवर गेली.