आबांचा आडवा हात

वाईन चाखायला जायचं तर आमच्या घरात आधी वार शोधावा लागतो. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी आईचा उपास असतो आणि आलेल्या रविवारी नेमकी एकादशी निघाली. राहिला बुधवार. त्या बुधवारी मलकापूरहून सकाळची एसटी धरून मी माहेरी, कुंडलजवळच्या आमच्या मळ्यात पोचले, तर चहाच्या आधी आबा म्हणाले, त्याला सांग, गाडी पुसून घ्यायला.

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो तिथंच, हाकेच्याही अलीकडे, फडकं घेऊन गाडीच पुसत होता. मी वळून म्हणाले, आबा म्हणतायत गाडी पुसून घे. तो म्हणाला, आबांना सांग, पुसतोय. मी परत वळले. तीन वर्षं माझं हेच चाललं होतं. एरवी फोनवर चालायचं, आले की समोरासमोर. दोघांच्या मधे मला उभं करून हे दोन पुरुष एकमेकांच्या तोंडाकडं बघत माझ्याशी बोलायचे. सासरी कुणी माझ्या शांतपणाचं कौतुक केलं की मला हसू येतं. तो शांतपणा नाही, दमणूक आहे.

भांडण बागेचं होतं. आबा पलटणीतून पेन्शनीवर आले तेव्हा त्यांनी उसातली थोडी जमीन मोकळी करून स्वतःच्या हातानं खाण्याच्या द्राक्षाची बाग लावली. लांब मणी, पातळ साल, बघणाऱ्यानं घड हातात घेऊन हळूच परत ठेवावा असा माल. भावानं ती जुनी झालेली बाग काढली आणि तिच्या जागी वाईनची द्राक्षं लावली. आबा तेव्हा माझ्याकडं महिनाभर डोळ्याच्या ऑपरेशनला आले होते. पट्टी सुटल्यावर घरी जाऊन त्यांनी पहिली गोष्ट काय बघितली असेल तर मोकळं रान. बरं, नंतर माल धरला तर तो बारका, काळा, बियांनी भरलेला, जाड सालीचा. आबांनी एक मणी तोंडात टाकला, थुंकला आणि मला फोन करून म्हणाले, त्याला सांग, बापाची बाग काढून करवंदं लावलीत त्यानं.

जमीन आबांच्या नावावर. त्यामुळं शेवटचा शब्दही त्यांचाच. यंदाचा माल निघाला की वेली उपटायच्या आणि ऊस लावायचा, असं त्यांनी जाहीर केलं होतं. भावानं माझ्यामार्फत एकच विनंती केली. गेल्या हंगामातला आपला माल पलूसकडच्या वाईनरीनं वेगळा ठेवलाय, त्याची वाईन एकदा आबांनी चाखावी, मग काय ते ठरवावं. आबा कबूल झाले. अट त्यांचीही होती. आपल्या रानातली तेवढी चाखंन, दुसऱ्याच्या रानाशी मला काय करायचंय.

आई का आली, असं विचाराल तर ती कुठंही येते. शिवाय तिच्या मते वाईन म्हणजे द्राक्षासव, आणि द्राक्षासव ती बाळंतपणापासून घेत आली आहे. निघताना तिनं पिशवीत चमचा टाकलेला मी बघितला.

वाईनरीची चाखायची खोली गार, उंच छपराची, आणि तिथं काळा एप्रन बांधलेली एक हसतमुख बाई. शेजारच्या लांब टेबलावर पुण्याहून आलेला आठ-दहा जणांचा घोळका होता. आमच्यापुढं देठाचे नाजूक ग्लास मांडले गेले. बाईंनी दाखवलं, देठाला धरायचं, जरा फिरवायचं, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा, आणि नको असेल तर ह्या भांड्यात थुंकायचा. आईनं त्या भांड्याकडं असं बघितलं की बाईंनी ते स्वतःहून टेबलाखाली ठेवलं. ताटात आलेलं टाकायचं नाही हे आम्हाला बोलायच्या आधी शिकवलेलं. थुंकायचं तर दूरच.

पहिली पांढरी आली. बाईंनी आबांच्या ग्लासाकडं बाटली नेली आणि आबांनी ग्लासावर हात आडवा धरला. पंगतीत पोट भरलेला माणूस वाढप्यापुढं ताटावर धरतो तसा, अगदी सपाट. बाई समजल्या, पुढं सरकल्या. भावाला गाडी चालवायची होती, त्यानं नुसता वास घेतला. मग त्याच्या वाटणीचं टाकायचं कसं, म्हणून ते मी प्यायले. आईनं चमचा काढला, दोन चमचे मोजून घेतले, तोंडात घोळवले आणि म्हणाली की ह्याला काही गुण नाही, हे पातळ आहे. तरी ग्लास रिकामा केला. दुसरी गुलाबी होती. तिसऱ्या लाल वाईनपाशी बाईंनी विचारलं, कशाचा वास येतोय? मी ग्लासात नाक घातलं आणि मला आमच्या शाळेमागची कोकमाची बरणी घेऊन बसणारी म्हातारी दिसली. तसं सांगताना मला इतकं हसू आलं की वाईन नाकात गेली. आईला नव्या गोणपाटाचा वास आला. तिनं चमचा केव्हाच पिशवीत टाकला होता.

दर बाटलीला आबांचा हात आडवा. पाठ ताठ, मिशी स्थिर. भाऊ त्या हाताकडं बघायचा आणि मग खिडकीबाहेर बघायचा. मला त्याची दया येत होती आणि त्याच वेळी हसूही येत होतं, आणि ह्या दोन गोष्टी पोटात एकदम असल्या की माणसाला फार लवकर चढते.

शेवटी बाईंनी बिनलेबलाची एक बाटली आणली. आज सकाळीच पिंपातून काढली, तुमच्याच मळ्याची, खास तुमच्यासाठी एवढीच, बाकीची अजून मुरतेय. आधी बाग राखणाऱ्याला, असं म्हणून त्यांनी भावाच्या ग्लासात बोटभर ओतली. त्यानं एक घोट घेतला. नुसता एकच. मग त्यानं ग्लास खाली ठेवला आणि त्याचे कान लाल झाले. लहानपणी पहिला नंबर आला तरी त्याचे कान असेच व्हायचे. तेवढ्यात बाईंना आतून कुणीतरी हाक मारली, म्हणून बाटली टेबलावर ठेवून त्या गेल्या.

आणि आई उठली.

आपल्या रानातलं म्हटल्यावर ती बसून राहणं शक्यच नव्हतं. घरात काहीही पहिलं आलं, हुरडा असो, काकवी असो, आधी पाहुण्याला, मग घरच्याला. आणि पाहुणे तर शेजारीच बसले होते, बिचारे दोन दोन बोटं वाईनवर. तिनं पदर खोचला, बाटली काखेत धरली आणि पुणेकरांच्या टेबलाशी जाऊन वाढायला लागली. आमच्या रानातलं हाय, घ्या. लाजू नका. ते नको नको म्हणत होते, पण आमच्याकडं तोंडानं नको म्हणणाऱ्याला खरंच नको असतं असं कुणी धरत नाही. हात आडवा धरावा लागतो, आणि ते पुणेकरांना कोण सांगणार. एका दाढीवाल्या पोराला तिनं गळ्याची शपथ घातली. त्यानं घाबरून ग्लास पुढं केला, तो काठोकाठ भरला, आणि एक आजोबा उठून नमस्कार करायला लागले तर तिनं त्यांच्याही ग्लासात ओतली.

मी टेबलावर डोकं टेकून हसत होते. उठून तिला थांबवायला हवं हे मला कळत होतं, पाय मात्र माझं ऐकत नव्हते. भाऊ अर्धा उठला, आबांनी नुसतं बघितलं तसा परत बसला. पंगतीत वाढणाऱ्या बाईला मधेच कोण थांबवणार.

ती परत आली तेव्हा बाटली रिकामी होती. रिकामीच बाटली तिनं आबांच्या ग्लासावर उलटी केली, तेव्हा तिला कळलं. एक थेंब निघाला. आबांनी ह्या वेळी हात आडवा धरला नव्हता.

आतून आलेल्या बाईंनी कपाळाला हात लावला. अजून काढून देता येईल का, असं भावानं विचारलं. त्या म्हणाल्या, पिंप एकदा बंद केलं की लगेच उघडता येत नाही, तुम्ही पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात माल निघालेला आणि वेली उपटलेल्या असणार होत्या. भावानं गाडीची किल्ली उचलली. एका क्षणात सगळं बुडालं असं मला वाटलं, आणि मला रडायला यायला हवं होतं. पण शेजारी दाढीवाला पोरगा भरलेला ग्लास दोन्ही हातांत तीर्थासारखा धरून बसला होता. तो दिसला आणि मला पुन्हा हसू फुटलं.

आबा टेबलाकडं बघत होते. भावाच्या ग्लासात अजून अर्धा बोटभर लाल रंग होता. आता आमच्या आबांनी जन्मात कुणाचं उष्टं खाल्लेलं नाही. पलटणीतसुद्धा स्वतःचा मग खिळ्याला वेगळा टांगायचे म्हणे. त्यांनी घसा खाकरला आणि सवयीनं माझ्याकडं वळून सुरुवात केली, "त्याला सांग—"

मी तोंड उघडलं. मला उचकी लागली. मी हात वर करून थांबा म्हणाले, परत तोंड उघडलं, परत हसू. आबांनी आईकडं बघितलं. ती पुण्याच्या आजोबांना घरी जेवायला यायचा रस्ता समजावत होती. त्यांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं आणि मी काही कामाची उरलेली नाही हे त्यांना पटलं. खोलीत निरोप्या दुसरा कुणी नव्हता.

मग त्यांनी आपला कोरा ग्लास टेबलावरून पुढं सरकवला.

"ते तुझ्यातलं घाल की रं हिकडं," ते म्हणाले.

भावाच्या हातातली किल्ली खाली पडली. ती उचलायचंही त्याला सुचलं नाही. त्यानं आपल्या ग्लासातलं आबांच्या ग्लासात ओतलं, तेही इतकं जपून की एवढ्याशा वाईनला केवढा वेळ लागला. आबांनी ग्लास देठाला नाही, मुठीत धरला. फिरवला नाही, वास घेतला नाही. सगळा घोट एकदम तोंडात घेतला आणि खूप वेळ तसाच ठेवला. माझी उचकीसुद्धा थांबली. मग त्यांनी गिळलं आणि मिशा पुसल्या.

"एपरिलच्या छाटणीला गडी आत्ताच सांगून ठेव. मागनं गावत न्हाईत."

एवढंच. चांगली आहे म्हणाले नाहीत, वाईट आहे म्हणाले नाहीत. पण ज्या वेली मार्चात उपटायच्या, त्यांच्या छाटणीला एप्रिलमध्ये गडी कशाला लागतात? भाऊ "आक्का, आबांना सांग" म्हणून माझ्याकडं वळला आणि मधेच थांबला. मग आबांकडं बघून म्हणाला, "व्हय. सांगतो."

परतीच्या वाटेवर आई माझ्या खांद्यावर झोपली. पुढच्या सीटवर दोघं भांडत होते. वेलींना पाणी किती सोडायचं यावरून, बांधाकडच्या ओळी कमी का धरल्या यावरून, करवंद म्हणायला मी काय खोटं बोललो काय यावरून. खिडकीबाहेर ऊस आणि बागा मागं जात होत्या आणि मला एवढं हलकं वाटत होतं की मी गाणं म्हणायला लागले असते, पण आई उठली असती. मळ्याच्या वळणावर आबा म्हणाले, आधी बागंकडं घे. सवयीनं मी पुढं वाकले आणि भावाला म्हणाले, आबा म्हणतायत, बागेकडं घे.

दोघंही एकदमच म्हणाले, "ऐकलं की."