वडाखालचा झरा

आमच्या गावाबाहेर मातीचं एक जुनं छोटं धरण आहे. काठाला बाग, पायडल मारायच्या चार होड्या, भेळेचे गाडे. रविवारी पार विट्याहून माणसं येतात. त्या धरणाच्या बांधावर मी नवी सून असताना वड लावला. का, तर वटपौर्णिमेला बायकांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वडापर्यंत तंगडतोड करावी लागायची. राखणदार म्हणाला, "वैनी, बांधावर झाड लावत न्हाईत." मी म्हणाले, "हे तुमच्या बायकोला सांगा जावा." एवढी मी शहाणी!

वड फोफावला. काही वर्षांनी बांधाच्या बाहेरच्या अंगाला, पायथ्याशी, पाणी पाझरायला लागलं. मी तिथं दगड मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि गंगा आली म्हणून गावभर सांगत सुटले. तीर्थ घरोघरी जाऊ लागलं. लेकीनं घर बांधायचं काढलं, तेव्हा झऱ्यासमोरची जागासुद्धा मीच सुचवली.

गेल्या पावसाळ्यात धरण तपासायला एक इंजिनिअर मुलगी आली. मी कौतुकानं तिच्या हातावर तीर्थ घातलं. तिनं ते पिलं नाही, उजेडात धरून बघितलं.

"आजी, हे गढूळ कधीपासून येतंय?"

"चार दिस झालं. पाऊस हाय न्हवं."

"पावसाचं नाही हे. मुळांच्या वाटेनं धरण गळतंय. नितळ होतं तोवर नुसतं पाणी जात होतं. आता बांधाची माती वाहून चाललीय." मग तिनं लेकीच्या घराकडे बोट केलं. "तिथं कोण राहतं?"

मी तशीच लेकीच्या घराकडे पळाले. इतकी वर्षं मी गळतीला उदबत्ती ओवाळत होते!

लेक घर सोडेना. "आये, म्हस टाकून कुठं जाऊ? आन् तूच म्हनालीस, गंगा हाय."

"म्हनाली ती गाढव होती! म्हशीला घे आन् चल."

दुपारच्या आत तिचा संसार माझ्या पडवीत आला. तिकडं धरणाची मोरी उघडून पाणी उतरवलं. माती अडून नुसतं पाणी निघावं म्हणून झऱ्यावर वाळू आणि खडी दाबली. होड्या चिखलात रुतल्या. पाणी पुरतं खाली गेल्यावर वड काढायची वेळ आली, तशा बायका आडव्या आल्या.

"आवं, वडाला कुऱ्हाड लावत्यात व्हय? सात जन्माचं काय मग?"

"आदी ह्या जन्मातला नवरा वाचवा. सगळ्यांची घरं खालीच हायती."

"पर लावला तुमीच की!"

"व्हय, म्हनूनच सांगतेय."

वड पाडला. मुळं बांधात कुजू द्यायची नाहीत म्हणून ती खणून काढायला घेतली. माझ्या मांडीएवढं एक मूळ निघालं आणि त्याच्या कडेनं बांधात गेलेलं भोक दिसलं. मी खाली बसून हात घातला. कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. बोटांना शेवट लागेना.

लेक शेजारी उभी होती. "आये, काय हाय गं आत?"

मी बाजूला सरकले आणि तिचा हात धरून भोकात घातला.