शिस्त : दहापैकी दोन

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच आहे. त्या वर्षी निवासी शाळेसाठी शाळेतून एकच नाव पाठवायचं होतं. परिपत्रकात ‘सुप्त प्रतिभेचा शोध’ असे शब्द होते आणि सोबत तक्ता: गणित, भाषा, वक्तृत्व, शिस्त. प्रत्येकी दहा गुण. परिपत्रक लिहिणाऱ्याची प्रतिभा मात्र अजिबात सुप्त नव्हती.

माझ्या सातवीत एका मेंढपाळाची मुलगी होती. ती कधी हात वर करायची नाही. दिवाळीनंतर कळप घेऊन निघण्याआधी तिचा बाप शाळेत आला.

“गुर्जी, हिचं नाव लागलं तर बरं व्हईल. आठवीला रोज नळदुर्गला कोन सोडनार? न्हाय लागलं तर पुढल्या साली मेंढरामागंच न्यावी लागंल.”

“नियमानं होईल,” मी म्हणालो. तक्ता मीच भरणार होतो, त्यामुळे नियमांवर माझा विश्वास होता.

त्याच आठवड्यात मी फळ्यावर हौदाचं गणित सोडवलं. दोन नळ हौद भरतात, तिसरा रिकामा करतो. डबा खाऊन परत आलो तर माझं उत्तर पुसलेलं आणि तिथं दुसरंच लिहिलेलं.

“कुणी केलं?”

ती आपणहून उभी राहिली.

“का?”

तिनं खडूनं पांढरी झालेली बोटं पुसली.

मागून एकजण म्हणाला, “गुर्जी, हिला फळा बी कुरनच वाटतंय.” वर्ग हसला. मीही हसलो. तिला शाळा सुटेपर्यंत भिंतीशी उभं केलं आणि माझं उत्तर पुन्हा लिहिलं. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

शिस्तीत तिला दोन गुण दिले. नाव गेलं ते प्रश्न संपायच्या आत हात वर करणाऱ्या मुलाचं. त्याचे वडील शाळा समितीवर होते, हा योगायोग आहे असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. मुलगा वाईट नव्हता. त्याची निवड झाली.

एप्रिलमध्ये वह्या तपासताना ते गणित पुन्हा समोर आलं. सगळ्या वह्यांत माझं उत्तर, एकीत वेगळं. मी कागद घेऊन तीनदा सोडवलं. तिसऱ्या नळाचं पाणी वजा करायचं, ते मी मिळवलं होतं.

तिला बोलावून विचारलं, “तेव्हाच का सांगितलं नाहीस?”

“सगळ्या पोरांम्होरं तुमाला कसं सांगायचं, गुर्जी? म्हनून तुमी जेवायला गेल्यावर केलं.”

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कार्यालयात गेलो. लिपिकानं तक्ता काढून समोर ठेवला.

“सही तुमचीच हाय न्हवं, सर?”

“माझीच. चूक झाली.”

“मग पुढच्या वर्षी पाठवा की तिचं नाव.”

“पुढच्या वर्षी ती शाळेत नसेल.”

“मग तर प्रश्नच मिटला,” तो म्हणाला आणि त्यानं फाईल बांधली.

पुढच्या दिवाळीनंतर कळप शाळेसमोरून गेला. बाप पुढं, ती मागं, हातात काठी. मी नव्या सातवीला हौदाचंच गणित घालत होतो. चालता चालता तिनं खिडकीतून फळ्याकडे पाहिलं आणि मागं राहिलेल्या एका मेंढीला हाकारत पुढं गेली.

मी उत्तर पुन्हा तपासलं.