दोन हंगाम बिनउसाचे

चाळिशीत दातांना तारा बसवायच्या म्हणून मी बीडच्या दवाखान्यात तोंड पाडून बसले होते. शेजारी वडवणीकडची ऊसतोड करणारी, विशीतली एक पोरगी. तिच्या तारा आज निघणार होत्या, त्यामुळे तिला एका जागी बसवत नव्हतं. ओढणी तोंडाशी धरून सारखी हसायची. पिशवीतून उसाचं हातभर कांडं डोकावत होतं.

"खूप दुखतं का गं?" मी विचारलं.

"तार आवळली की दोन दिस. भाकर दुधात कुस्करून खायची. पर ऊस दातानं सोलायचा न्हाई, म्हणले डॉक्टर. दोन हंगाम फडात ऊस तोडला ताई, एक कांडं तोंडात घातलं न्हाई! तार आवळायला दर महिन्याला कारखान्यावरून एष्टीनं आले."

दिवसभर उसात उभं राहून ऊस चाखायचा नाही! मला तर फक्त चाळिशीतल्या तारांची लाज सोडायची होती.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. हात सवयीनं तोंडाकडे गेला, अर्ध्यातच थांबला आणि खाली आला. मग ती सगळे दात दाखवून हसली.

"आता रात्री प्लेट घालायची, न्हाईतर दात परत सरकत्यात. सरकूच देत न्हाई!"

आता ऊस सोलणार, असं वाटलं. तर तिनं कांडं माझ्याच हातात कोंबलं.

"तुमी खा, आत्ताच. मला काय, उद्यापासनं ऊसच ऊस हाय. तुमाला आता दोन वर्सं न्हाई."

मी बाहेर पायरीवर बसून कांडं सोलायला लागले, तोच आतून माझं नाव पुकारलं.

"दोन मिनिटं!" पायरीवरून मी ओरडले. तोंड उसानं भरलं होतं.