थेंब न टाकता चढलेली रेघ

आधीच सांगते, अंगारे-धुपारे, बाहेरचं वगैरे मी कधीच मानलं नाही. आजही मानत नाही. पण या एका प्रकाराला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही... म्हणून लिहितेय.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. कोल्हारजवळच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी पीएचडी करत होते. विषय नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे आपल्या रक्तवाहिन्या सैल करणारा वायू. तो मोजायला पेन्सिलीएवढा एक सेन्सर होता. वापरण्याआधी त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो बरोबर मोजतोय ना याची तपासणी, करावी लागे. तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात सेन्सर बुडवायचा आणि 'स्नॅप' नावाच्या हिरव्या रसायनाचा मोजून थेंब टाकायचा. तांब्यामुळे स्नॅपचं विघटन होतं, ठरावीक वायू सुटतो, आणि कागदावर रेकॉर्डरचं पेन एक पायरी चढतं. थेंब नाही तर पायरी नाही. इतकं सरळ.

लॅबमध्ये इब्राहीमचाचा अटेंडंट होते. श्रीरामपूरहून रोज एसटीने यायचे. काचसामान धुवायचे, बर्फ आणायचे. मी डबा विसरले की स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवायचे.

एकदा कॅलिब्रेशन बिघडायला लागलं. थेंब न टाकताच पेन चढायचं. द्रावण बदललं, वायर बदलली, अर्थिंग तपासलं. मग लक्षात आलं — चाचा टेबलाजवळ आले की चढतं, गेले की उतरतं. मी उभी राहिले, माझे गाइड असलेले सर उभे राहिले... काही नाही. फक्त चाचा.

"ताई, माझ्यामुळं व्हतंय का हे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही जरा लांबच थांबा, चाचा."

थिसिसची मुदत तोंडावर आली होती. महिनाभर वाट पाहून मी सरांना सांगितलं आणि चाचांची बदली मागच्या इमारतीतल्या स्टोअरमध्ये करून घेतली. दुसऱ्याच दिवशी ते आपला डबा उचलून तिकडे गेले.

कॅलिब्रेशन सुरळीत झालं. पंधराएक दिवसांनी, भर दुपारी, सेन्सर नुसत्या पाण्यात ठेवला होता. तांबं नाही, स्नॅपची बाटली फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये. लॅबमध्ये मी एकटी. आणि पेन चढलं. एक पायरी. दुसरी. तिसरी... शेवटी कागदाच्या कडेला जाऊन थरथरायला लागलं.

मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

का ते सांगता येणार नाही, पण मी धावत स्टोअरकडे गेले. चाचा रॅकमागे पडले होते. घामाने चिंब, हात छातीवर. मी ओरडून माणसं गोळा केली, जीपमधून त्यांना दवाखान्यात नेलं. हार्ट अटॅक. थोडक्यात वाचले.

चौथ्या दिवशी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "तुमाला कुनी सांगितलं, ताई? मी लई हाका मारल्या, पन आवाजच निगंना."



पेन चढलेला तो कागद मी सरांना दाखवला. "इलेक्ट्रिकल नॉइज असेल. थिसिसला लावू नकोस." असेलही. पण नॉइज अशी पायऱ्या-पायऱ्यांनी चढते का? आणि त्याआधी महिनाभर तो सेन्सर चाचांबद्दलच काही सांगत होता, आणि मी त्या माणसालाच दूर केलं का?

दोन महिन्यांनी चाचा कामावर आले. लॅबच्या उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाले, "येऊ का आत?"

टेबलावर सेन्सर चालू होता. मी आधी मशीनचं बटण बंद केलं. मगच "या" म्हणाले.