ओ कोणत्या नावाला द्यायची

"सिद्धार्थ गेला," फोनवर त्याचा मोठा भाऊ म्हणाला, आणि मी विचारलं, "कोण सिद्धार्थ?" सौंसरच्या एकाच दुकानात इतकी वर्षं शेजारी बसून आम्ही वेबसाइट बनवल्या, पण माझ्यासाठी तो बंडूच होता. तो म्हणाला, "आपला बंडू, भाऊ." त्याला आता दीड महिना होत आला. दमलोय मी. दुकान उघडतो, बसतो, बंद करतो.

बंडू रोज पांढुर्ण्याहून यायचा. संत्रा बागायतदारांच्या संघाची साइट आम्ही केली, तेव्हा एक भलतंच दुखणं मागे लागलं. साइट उघडायची बाहेरची प्रत्येक विनंती आधी पुढच्या सर्व्हरकडे, म्हणजे प्रॉक्सीकडे यायची आणि तो ती आतल्या प्रोग्रामकडे द्यायचा. पण माणसानं साइट कोणत्या नावानं उघडली, हे आत पोचतच नव्हतं. मग पासवर्ड विसरलेल्यांना जाणाऱ्या मेलमधल्या लिंकवर आमच्या मशीनचं आतलं नाव पडायचं आणि लिंक काही उघडायची नाही. संघवाले चिडले होते. मी वैतागून म्हणालो, हेडरमध्ये, म्हणजे विनंतीसोबत येणाऱ्या माहितीत, साइटचं जे नाव येईल ते खरं धरू आणि मोकळे होऊ.

बंडू भडकलाच. "पागल झाला का बे? ते नाव तं कोनीबी लिहून पाठवते. चोरानं त्याच्या साइटचं नाव टाकलं, तं आपन शेतकऱ्याले चोराचीच लिंक पाठवून राहिलो! बाहेरून आलेलं नाव प्रॉक्सीनं पुसाचं, अन् खरं नाव सोता लिहाचं. आतल्यानं फक्त प्रॉक्सीचं आयकाचं. जे नाव आपलं नाई, त्याले ओ द्याची नाई."

तसंच केलं, आणि लिंक उघडायला लागल्या. खूश होऊन त्यानं त्या मेलच्या शेवटी एक ओळ घातली : 'काही अडलं तर दुकानात या, बंडूभाऊ म्हणून हाक मारा.'

ती ओळ आता काढा, असं संघवाले दोनदा सांगून गेले. त्यांचं बरोबर आहे. मी फाइल उघडतो, त्या ओळीपर्यंत जातो आणि तशीच बंद करतो... ती काढली की त्याला हाक मारणारं कोणी उरणार नाही, याची मला भीती वाटते.

परवा रामाकोन्याचे एक काका मोबाइलवर तोच मेल उघडून दारात उभे राहिले. "बंडूभाऊ हाय का?"

शेजारची खुर्ची रिकामी होती. त्याचा नियम मला पाठ होता.

मी आतून ओ दिली.