विमानाच्या पंखातले हाली पैसे

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चुकतं. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

शेजारचे रेडिओ दुरुस्त करणारे भाऊजी खाटेएवढं विमान बनवत होते. जमिनीवर उभं राहून, हातातल्या डब्यातल्या रेडिओवर ते चालवायचं होतं. नाकाला आणि शेपटीला दोरी बांधून ते विमान ओसरीत टांगायचे आणि श्वास रोखून बघत बसायचे. दरवेळी एकच पंख झुकायचा.

"वहिनी, कोलांटी मारताना हे तिकडंच ओढंल. हलक्या पंखात वजन पाहिजे. थोडंच, पण बराबर."

खिळे लावून झाले, बिब्बे लावून झाले, वजन काही बराबर जमेना. शेवटी मी आईचे तीन हाली पैसे दिले. निजामाच्या वेळचे, बाजारात न चालणारे. आईचं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. पंख सरळ झाले.

"उसने घेतो," ते म्हणाले.

आमचे हे हसले. "लोक नुसतं म्हणतात, तू तर खरंच पैसे उडवून राह्यली!"

जालन्याबाहेरच्या माळावर विमानानं दोन कोलांट्या सरळ मारल्या. तिसरीत इंजिन बंद पडलं आणि ते नांगरलेल्या रानात आपटलं. लोक इंजिन उचलायला धावले. भाऊजी मात्र गुडघ्यावर बसून ढेकळं फोडत राहिले. 'राहू द्या' म्हणावं वाटलं, पण एवढ्या माणसांत माझा आवाज निघाला नाही.

दिवेलागणीला ते दारात आले. सदऱ्याला पुसून त्यांनी पैसे माझ्या हातावर ठेवले.

"मोजून घ्या, वहिनी."

तिन्ही होते.